कागद दाखवायला सोलापूर

माझी आत्या अक्कलकोट तालुक्यातल्या आमच्या गावी राहते. वय अडुसष्ट, शुगर आणि बीपी दोन्ही. दर दोन महिन्यांनी ती सोलापूरला ‘दाखवायला’ येते. मागच्या खेपेला सकाळी साडेसहाला घरातून निघाली. गावातून वडापनं अक्कलकोट, तिथून एसटी, स्टँडवरून रिक्षा. बरोबर आतेभाऊ, कारण तिला एकटीला शहरात सोडायचं कुणाच्या मनाला पटत नाही. दवाखान्यात पोचली तेव्हा एकोणचाळीसावा नंबर मिळाला. दुपारी सव्वादोनला आत घेतलं. डॉक्टरांनी रिपोर्ट वरून खाली वाचला आणि म्हणाले, “चांगलं आहे. याच गोळ्या चालू ठेवा, दोन महिन्यांनी दाखवा.” आतेभावानं घड्याळ बघितलं होतं. तीन मिनिटंही झाली नव्हती.

डॉक्टरांचं काही चुकलं नाही. रिपोर्ट खरोखरच चांगला होता आणि गोळ्याही त्याच ठेवायच्या होत्या. पण तेवढ्या कामासाठी दोन माणसांचा सबंध दिवस गेला. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आत्याच्या भाड्याचं फारसं ओझं नाही. आतेभावाचा रोज मात्र बुडतो. त्याचं पूर्ण तिकीट, दोन वेळची रिक्षा, दोघांचं बाहेरचं जेवण, वर तपासणीची फी. त्या दिवशी मी हिशेब मांडला, तर दोन महिन्यांच्या गोळ्यांपेक्षा त्या दाखवायला येण्याचाच खर्च जास्त निघाला.

सोलापुरात माझं औषधाचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. आजूबाजूला दवाखाने, समोर लॅब. माझा धंदाच पेशंटच्या फेऱ्यांवर चालतो, हे आधीच सांगितलेलं बरं. तरीही काउंटरमागून जे रोज दिसतं त्यावरून माझं मत ठाम झालं आहे. जुना आजार, ठरलेला डॉक्टर, ठरलेल्या गोळ्या, अशा पेशंटच्या बऱ्याचशा फेऱ्या वाचवता येतील. त्याऐवजी पेशंटनं डॉक्टरांना लिहून विचारावं, रिपोर्ट जोडावा आणि डॉक्टरांनी लिहून उत्तर द्यावं. हे सुरक्षित असावं, त्याची नोंद राहावी आणि डॉक्टरांना त्याची फी मिळावी. सोलापूरसारख्या शहरानं यात पुढाकार घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

सोलापूरच का, तर हे शहर चादरी-टॉवेलांइतकंच दवाखान्यांचंही आहे. आमचं सिव्हिल आणि त्याला जोडलेलं डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासूनचं. अकरा तालुके तर आहेतच, शिवाय धाराशिव, लातूर, पलीकडून विजयपूर, कलबुर्गी इथली माणसंही इथंच येतात. माझ्या दुकानात एकाच वेळी एक जण मराठीत भाव विचारत असतो, दुसरी कन्नडमध्ये जेवणाआधी की नंतर ते विचारत असते आणि माझ्याकडचा मुलगा पूर्व भागातल्या आजोबांना तेलुगूत गोळ्या समजावत असतो. इतक्या लांबून आलेल्या माणसांची गर्दी दवाखान्याच्या बाकड्यांवर असते आणि त्यातले कितीतरी जण नुसता कागद दाखवायला आलेले असतात. त्यांच्यामागे खरोखर तापानं फणफणलेलं पोर घेऊन एखादी आई ताटकळत असते.

पण मला जास्त काळजी वाटते ती रांगेत नसलेल्यांची.

त्यांची गाठ डॉक्टरांशी पडत नाही, माझ्याशी पडते. घडीवर घडी पडून चिरलेली चिठ्ठी काउंटरवर ठेवतात. काहींनी ती चक्क लॅमिनेट करून घेतलेली असते. “हेच द्या, एक महिन्याचं.” तारीख बघावी तर चौदा महिन्यांपूर्वीची. कायद्यानं यातली बरीच औषधं डॉक्टरांच्या चालू चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. मी नाही म्हणालो तर चार दुकानं सोडून पाचव्यात मिळतं. दोष त्या माणसाला तरी कसा द्यायचा? डॉक्टरांकडे जायचं म्हणजे पगार बुडवून दिवस घालवायचा आणि तिथं ऐकायचं काय, तर ‘तेच चालू ठेवा’. म्हणून तो स्वतःच तेच चालू ठेवतो.

यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे येत. बीपीची ॲम्लोडिपिनची गोळी, जुनी चिठ्ठी. एकदा चप्पल पायात मावेना म्हणून ते दुकानातच टेकले. दोन्ही घोटे सुजलेले. म्हणाले, उभ्यानं काम आहे, सूज यायचीच. आठ महिने ते ती सूज अंगावर काढत होते. घोट्याला सूज हा त्या गोळीचा पुस्तकात लिहिलेला, डॉक्टरांना तोंडपाठ असलेला त्रास आहे. मी त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. तिथं तपासणी झाली आणि गोळी बदलली. पंधरा दिवसांत सूज उतरली. त्यांना आठ महिन्यांपूर्वी एक ओळ लिहून पाठवायची सोय असती, ‘साहेब, पाय सुजतात’, एवढीच, तर डॉक्टरांनी तेव्हाच बोलावून घेतलं असतं. अशी माणसं मी किती बघितली ते मोजलेलं नाही, पण दर आठवड्याला एक तरी भेटतं.

यावर लोक लगेच म्हणतात, अहो, व्हॉट्सॲप आहे की. सगळेच पाठवतात.

पाठवतात, हे खरं. आणि ते कसं चालतं हे मी जवळून पाहिलं आहे. डॉक्टरांच्या खासगी नंबरवर लग्नाच्या पत्रिका, सोसायटीचे मेसेज आणि त्यात एखाद्याचा क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट. रात्री पावणेबाराला फोटो येतो, अर्धवट कापलेला, नाव दिसत नाही. डॉक्टर झोपेत अंगठा दाखवतात. पेशंट त्या अंगठ्याचा अर्थ ‘गोळी चालू ठेवा’ असा घेतो, डॉक्टरांना म्हणायचं असतं ‘पाहिलं’. फी नाही, नोंद नाही. काही बिनसलं तर कोण काय म्हणालं होतं ते शोधायला मोबाइलमध्ये खाली खाली जात बसायचं. ज्या डॉक्टरांना पेशंटची कणव आहे त्यांच्यावरच याचा सगळा भार पडतो. बाकीचे नंबरच देत नाहीत.

आणि गुप्तता? यात माझ्या दुकानाकडून झालेली चूक मला सांगितलीच पाहिजे.

लॉकडाऊनपासून आम्ही दुकानाच्या फोनवर चिठ्ठ्यांचे फोटो घ्यायला लागलो. लोकांची सोय झाली. फोन काउंटरवर चार्जिंगला असायचा, कुणीही उघडायचं. काही महिन्यांत त्याच्या गॅलरीत शेकडो चिठ्ठ्या साठल्या. टीबीच्या, फिटच्या, मानसोपचाराच्या, दिवस राहू नयेत म्हणूनच्या. त्यातली एक चिठ्ठी माझ्याकडे कामाला असलेल्या मुलाच्या गल्लीतल्या मुलीची होती. डिप्रेशनची औषधं. मुलाच्या मनात वाईट काही नव्हतं, घरी आईला सहज बोलून गेला. त्या मुलीचं तेव्हा स्थळ बघणं चालू होतं, बोलणी जवळजवळ पक्की झाली होती. ती मोडली. तिचे वडील दुकानात आले, ओरडले नाहीत, फक्त विचारलं, “तुम्हाला आम्ही भरवशानं पाठवलं होतं ना?” मला त्यांच्याकडे वर बघवलं नाही. त्या रात्री मी सगळे फोटो पुसले, फोनला कुलूप लावलं. पण गेलेली गोष्ट परत आली नाही.

म्हणून ‘सुरक्षित’ या शब्दावर मी इतका अडून बसतो. व्हॉट्सॲपवरचा मजकूर २०१६ पासून वाटेत कुणाला वाचता येत नाही, हे बरोबर आहे. पण आमच्याकडून बाहेर गेलं ते वाटेत गेलं नव्हतं. ते फोनच्या गॅलरीतून, काउंटरवरून, एका पोराच्या तोंडून गेलं. सुरक्षित संदेशव्यवस्था म्हणजे पेशंटचा रिपोर्ट कुणाच्याही खासगी फोनमध्ये उतरणार नाही. तो पेशंटच्या खात्यातच राहील, डॉक्टर आणि त्यांनी नेमलेली व्यक्ती सोडून कुणाला उघडता येणार नाही, आणि कुणी कधी उघडला याचीही नोंद राहील. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली संसदेनं डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माहिती सांभाळण्यात हलगर्जी झाली तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र आजारपणाच्या माहितीला त्या कायद्यात वेगळी, जास्त कडक वागणूक दिलेली नाही. हे मला खटकतं. फोन नंबर फुटला तर माणूस नंबर बदलतो. आजार फुटला तर तो काय बदलणार?

आता कायदा डॉक्टरांना हे करू देतो का? देतो, आणि बऱ्याच डॉक्टरांना हे पूर्ण माहीत नसतं. २५ मार्च २०२० रोजी, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, केंद्रानं टेलिमेडिसिनची, म्हणजे पेशंट समोर नसताना लांबून उपचार सांगण्याची, मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. व्हिडिओ, फोन आणि लेखी संदेश, असे तिन्ही मार्ग त्यात मान्य आहेत. एकदा प्रत्यक्ष तपासलेल्या पेशंटनं त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांना सहा महिन्यांच्या आत विचारलं, तर ती फेरतपासणी धरली जाते. त्यात चालू गोळ्या पुन्हा लिहून देता येतात, गरजेप्रमाणे त्याच आजाराची एखादी वाढवताही येते. झोपेच्या आणि नशेच्या वर्गातली औषधं मात्र अशी देता येत नाहीत आणि तसंच असायला हवं. डॉक्टरांनी नोंद ठेवायची, चिठ्ठीवर आपला नोंदणी क्रमांक घालायचा आणि फीही घ्यायची, हे सगळं तिथं स्पष्ट लिहिलेलं आहे. शिवाय पेशंट यायला तयार असेल तर डॉक्टर त्याला ‘येऊ नका, मेसेजच करा’ असं सांगू शकत नाहीत. माझ्या आत्याची दर दोन महिन्यांची फेरी या चौकटीत नेमकी बसते. वर्षात सहा फेऱ्या होतात, त्यातल्या दोन-तीन प्रत्यक्ष, बाकीच्या लेखी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

तरी डॉक्टर बिचकतात. त्याचं कारण मला कळतं. रत्नागिरीतल्या एका प्रकरणात डॉक्टर हजर नसताना फोनवरून उपचार सांगितले गेले आणि बाळंतीण दगावली. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यात अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर कितीतरी महिने डॉक्टर फोनवर साधी तापाची गोळी सांगायला घाबरत होते. आमच्या दुकानातून फोन लावून दिला तरी म्हणायचे, “पेशंटला इकडंच पाठवा.” पण त्या प्रकरणातली बाई दाखल झालेली होती, तिची तब्येत बिघडत होती, तिथं माणूस उभा असायलाच हवा होता. महिनोन्‌महिने स्थिर असलेल्या शुगरच्या पेशंटचा प्रश्न वेगळा आहे. आणि लेखी संदेशात पेशंटनं काय विचारलं, काय जोडलं, डॉक्टरांनी काय सांगितलं हे तारखेसकट राहतं. कोर्टात उभं राहायची वेळ आली तर फोनवरच्या बोलण्यापेक्षा, घाईघाईत केसपेपरवर लिहिलेल्या तीन शब्दांपेक्षा, डॉक्टरांच्या बाजूनं हीच नोंद उभी राहील.

डॉक्टरांचा दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ते म्हणतात, पेशंट समोर आल्याशिवाय आजार कळत नाही. चालत कसा येतो, चेहरा उतरलाय का, श्वास कसा घेतो, हे मेसेजमध्ये कुठून दिसणार? मला हे शंभर टक्के मान्य आहे. छातीत दुखणं, अचानक तोंड वाकडं होणं, अंगावर नवीन गाठ, तान्ह्या बाळाचा ताप, गरोदरपणातली कुठलीही कुरकुर, यात मेसेज करत बसणं म्हणजे जिवाशी खेळ. तिथं गाडी करून दवाखाना गाठायचा किंवा १०८ ला फोन करायचा.

पण समोर आलेला पेशंट खरोखर दिसतो का, हेही एकदा विचारू या. त्याच दिवशी आत्या दवाखान्यातून माझ्या घरी जेवायला आली. भाकरी मोडता मोडता म्हणाली, “रातच्याला तळपाय नुसते पेटल्यागत होत्यात रे. गार फरशीवर ठेवून बसते.” मी हातातला घास तसाच ठेवला. “डॉक्टरांना सांगितलंस?”

“राहूनच गेलं. मागं माणसं उभी, ते बघत होते कागदाकडं. दर टायमाला वाटतं सांगावं.”

किती दिवसांपासून? तर दीड वर्ष. शुगरच्या पेशंटचे तळपाय रात्री जळणं म्हणजे नसांना इजा होत असल्याची खूण असू शकते. पुढं पायाला जखम झाली तरी कळत नाही, ती चिघळते आणि गोष्ट कुठंपर्यंत जाते हे सिव्हिलच्या वॉर्डात जाऊन कुणीही बघावं. दीड वर्षात ती नऊ वेळा डॉक्टरांसमोर बसली आणि नऊही वेळा तळपाय तिच्या चपलेतच राहिले. कारण एका दुपारी साठ-सत्तर जण, त्यातले बरेच नुसता कागद घेऊन आलेले. मग जिचा पाय हातात घेऊन बघायला हवा तिच्याही वाट्याला तीनच मिनिटं येतात. कागदवाले घरी राहून लिहायला लागले तर आत्याला दहा मिनिटं मिळतील. मला मेसेज हवाय तो यासाठी. डॉक्टरांचा हात पेशंटच्या पायापर्यंत पोचावा, त्याला वेळ मिळावा.

शिवाय लिहिताना माणूस विचार करतो. तपासणीच्या खोलीत गेलं की घरून ठरवून आलेले चार प्रश्न आठवत नाहीत, हा अनुभव शिकल्यासवरल्या माणसालाही येतो. रात्री निवांत बसून, आठवेल तसं लिहून काढता आलं तर राहून गेलेलं राहत नाही. उत्तरही कागदावर असतं. ‘सकाळी अर्धी की संध्याकाळी अर्धी’ हे विचारायला माझ्याकडे येणारे किती असतात म्हणून सांगू!

परदेशात हे जुनं झालं. डेन्मार्कमध्ये २००९ पासून फॅमिली डॉक्टरांना पेशंटच्या लेखी प्रश्नांना उत्तर देणं बंधनकारक आहे आणि त्याचे त्यांना पैसे मिळतात. अमेरिकेतला अनुभव संमिश्र आहे आणि तो नीट बघायला हवा. कैसर परमनंटे या तिथल्या मोठ्या आरोग्यसंस्थेच्या वायव्य विभागातल्या पेशंटचा अभ्यास २००७ साली आला. सुरक्षित संदेश वापरणाऱ्यांच्या दवाखान्यातल्या भेटी सात ते दहा टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. पण २०१२ साली त्याच संस्थेच्या कोलोराडोतल्या अभ्यासात उलटं दिसलं. ऑनलाइन सोय घेतलेल्यांच्या भेटी वाढल्या होत्या. करोनानंतर तर संदेशांचा असा पूर आला की डॉक्टर घरी जाऊन रात्री उत्तरं लिहीत बसू लागले. शेवटी क्लीव्हलँड क्लिनिक या तिथल्या मोठ्या रुग्णालयानं नोव्हेंबर २०२२ पासून वेळखाऊ, वैद्यकीय निर्णय मागणाऱ्या संदेशांना फी लावली.

यावरून काही जण म्हणतील, बघा, तिकडंही जमलं नाही. मला त्यातून दुसरं दिसतं. संदेश हे काम आहे असं न मानता ते डॉक्टरांच्या दिवसावर फुकट लादलं की ते कोसळतं. इथं तर आपण अजून फुकटाच्याच पायरीवर आहोत. ‘नुसतं विचारायचं तर होतं, त्याचे कसले पैसे?’ ही आपली सवय आहे. पण ज्या डॉक्टरनं वीस वर्षं शिकून-सवरून रिपोर्ट वाचायची नजर मिळवली, त्याच्या नजरेचे पैसे त्याला खुर्चीवर बसूनही मिळावेत आणि लिहूनही मिळावेत. प्रत्यक्ष फीच्या निम्मी फी ठेवली तरी आत्याचे त्याहून कितीतरी जास्त वाचतील. आतेभावाचा रोज तर वाचेलच.

सरकारची ई-संजीवनी ही लांबून डॉक्टर दाखवायची सोय आहे, एप्रिल २०२० पासून घरबसल्याही वापरता येते. तिनं खेड्यापाड्यातल्या कोट्यवधी लोकांना डॉक्टर दाखवला, याबद्दल मला आदर आहे. पण तिथं जो ड्युटीवर असेल तो डॉक्टर भेटतो आणि दोघांना एकाच वेळी फोनपुढं बसावं लागतं. आमच्या गावी रेंज घराच्या माळवदावर चढल्यावर येते, तीही वाऱ्याच्या मर्जीनं. लेखी संदेशाला एवढं लागत नाही. दुपारी शेतातून लिहून ठेवला, रेंज आली की गेला, डॉक्टरांनी त्यांच्या ठरलेल्या वेळी वाचला. आणि उत्तर येतं ते तिला चार वर्षं ओळखणाऱ्या तिच्या स्वतःच्या डॉक्टरांकडून.

आता सगळ्यात अवघड बाजू. लिहिता कुणाला येतं, आणि फोन कुणाच्या हातात असतो?

पूर्व भागात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. तंबाखूची धूळ नाकातोंडात, पाठ वाकलेली, खोकला कायमचा. त्यातल्या कितीजणींना मराठी लिहिता येतं? घरची भाषा तेलुगू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांप्रमाणे देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी सुमारे चोपन्न टक्के जणींकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. उरलेल्या नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या फोनवर. अंगावरून पांढरं जातंय हे ती पोराच्या फोनवरून लिहिणार आहे का?

हा प्रश्न खरा आहे आणि मी तो झटकत नाही. पण आज काय होतं तेही पाहा. आपल्याकडच्या किती दवाखान्यांत तपासणीच्या खोलीतच पुढचे दोन-तीन पेशंट बाकावर बसवून ठेवलेले असतात, दार उघडं, कंपाउंडर आत-बाहेर करतोय. अशा खोलीत, शेजारी सासू बसलेली असताना, एक बाई काय सांगू शकते? माझ्या काउंटरवर बायका आवाज खाली आणून, इकडंतिकडं बघून विचारतात, आणि मी पुरुष असल्यामुळे अर्धंच विचारतात. म्हणजे आजची व्यवस्थाही तिच्यासाठी सुरक्षित नाहीच. फक्त तिला आपण सुरक्षित समजत आलो.

म्हणून या व्यवस्थेला इथल्या माणसांसारखं असावं लागेल. बोललेलं नोंदवता यावं, मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत, उर्दूत. खातं फोनला बांधलेलं नसावं, पिननं उघडावं, म्हणजे घरात एकच फोन असला तरी आईचं आईपाशी राहील. आणि वस्तीतल्या आशाताईकडून ते करून घेता यावं. आशाताईंच्या डोक्यावर आधीच रजिस्टरांचा डोंगर आहे. तेव्हा प्रत्येक संदेशामागे त्यांना ठरावीक मोबदला मिळाला पाहिजे, हे मी आग्रहानं म्हणतो. नाहीतर आणखी एक फुकटचं काम त्यांच्या गळ्यात पडेल.

सुरुवात लहान करता येईल. सिव्हिलमध्ये शुगर, बीपी आणि थायरॉइडच्या जुन्या पेशंटपासून. वैद्यकीय महाविद्यालयात शिकाऊ डॉक्टर आहेत. त्यांनी आलेले संदेश आधी वाचावेत, धोक्याची खूण दिसली तर त्याच दिवशी बोलावून घ्यावं, बाकीची उत्तरं वरिष्ठांनी तपासून पाठवावीत. दुपारी तीन ते चार ही वेळ त्यासाठी राखून ठेवावी आणि तो तास ओपीडीइतकाच कामाचा धरावा. उत्तर किती दिवसांत मिळेल ते पेशंटला आधी सांगावं. दोन दिवस म्हटलं तर दोन दिवस. त्यात उत्तर आलं नाही तर पेशंटनं थेट यावं, त्याला पुन्हा नंबर लावायला लागू नये. खासगी डॉक्टरांच्या इथल्या संघटनेनं सगळ्यांसाठी मिळून एकच व्यवस्था घेतली तर एकेकट्या डॉक्टरला खर्च झेपेल. आणि आम्हा औषधवाल्यांसाठी एक नियम हवा. त्या व्यवस्थेतून आलेली, तारीख आणि नोंदणी क्रमांक असलेली चिठ्ठीच धरायची, फोनवरचा फोटो धरायचा नाही. धंदा थोडा बसेल. बसू दे. लॅमिनेट केलेली चिठ्ठी हातात घेताना रोज जे वाटतं त्यापेक्षा ते सोसवेल.

आत्याची पुढची तारीख पंधरवड्यावर आली आहे. या खेपेला तिनं यायलाच हवं, तळपाय दाखवायचे आहेत. रविवारी मी गावी गेलो तेव्हा वहीचं पान फाडून ती सांगेल तसं लिहून घेतलं. मी ‘पायांची जळजळ’ असं लिहायला लागलो, तर तिनं थांबवलं आणि म्हणाली, मी सांगते तसंच लिही. ते पान आता तिच्या फाइलमध्ये रिपोर्टच्या वर लावलेलं आहे. त्यावरची पहिली ओळ अशी आहे: ‘डॉक्टरसाहेब, रातच्याला तळपाय पेटल्यागत होतात, दीड वर्ष झालं, सांगायचं राहून जात होतं.’